सात वर्षांच्या कुत्रीला डेमोडेक्स का झाला? एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डेमोडेक्स हा कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा माइट, म्हणजे किड्यासारखा सूक्ष्म जीव. हे प्रकरण एका आखूड केसांच्या, मिश्र जातीच्या, नसबंदी झालेल्या मादीचं आहे. वय सात वर्षं, वजन २४ किलो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला इथे राणी म्हणू. ती आमच्याकडे आली तेव्हा तक्रार अशी होती: अंगावर पुळ्या येतात, केस गळतात, औषध चालू असेपर्यंत बरं असतं आणि औषध थांबलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्रासाची सुरुवात मात्र बरीच आधीची. तीन वर्षांची असताना राणी पंजे चाटू लागली, कान खाजवू लागली. वर्षातले काही ठरावीक महिने त्रास व्हायचा, मग आपोआप कमी व्हायचा. एक-दोनदा अंगावर पिसवा सापडल्या, त्यामुळे सगळं खापर पिसवांवर फुटलं. खाज असह्य झाली तेव्हा एका दवाखान्यात तिला दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं आणि दुसऱ्या दिवशी कुत्री शांत झोपली. स्टेरॉइडची खरी अडचण हीच आहे की ते काम करतं, आणि इतकं झटपट करतं की खाज मुळात कशामुळे होती हे विचारायची गरजच कुणाला वाटत नाही.

पुढच्या चार वर्षांत दोन इंजेक्शनांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. आधी पाच-सहा महिने जायचे, मग तीन, आणि शेवटच्या वर्षात जेमतेम पाच-सहा आठवडे. मधल्या काळात पुळ्या आल्या की पाच दिवसांचं प्रतिजैविक. दवाखाने तीन बदलले. प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांसमोर त्या दिवशीची पुरळ होती, आधीचा सगळा इतिहास कुणाकडेच नव्हता. आमच्याकडे आलेल्या फाइलमध्ये शेवटचा कागद रक्ततपासणीचा होता. त्यात टी४ हे थायरॉइडचं संप्रेरक कमी दाखवलं होतं आणि खाली थायरॉइडच्या गोळ्या आयुष्यभर सुरू करण्याचा सल्ला होता. गोळ्या अजून सुरू झाल्या नव्हत्या. मालकीणबाईंना दुसरं मत हवं होतं, म्हणून त्या आल्या होत्या.

समस्या

पाठ आणि दोन्ही कुशींवरचे केस कसर लागल्यासारखे ठिकठिकाणी उडालेले होते. आखूड केसांच्या कुत्र्यात असं दिसलं की रोमकूपांची सूज, म्हणजे फॉलिक्युलायटिस, ही पहिली शंका घ्यावी. केस उभा राहतो ती जागा सुजते, केस सुटतो आणि तेवढ्यापुरता ठिपका उघडा पडतो. असे बरेच ठिपके जवळ जवळ आले की हे चित्र तयार होतं. जवळून पाहिल्यावर लहान पुळ्या होत्या, आणि फुटलेल्या पुळ्यांभोवती गोल सालपटं. ही गोल सालपटं पाहून बरेच जण गजकर्ण म्हणून मोकळे होतात. कुत्र्यात ती बहुतेक वेळा जिवाणूंच्या संसर्गाची असतात.

पुढचे दोन्ही पंजे वेगळीच गोष्ट सांगत होते. बोटांमधली त्वचा जाड, लाल-जांभळी झालेली, दाबलं की रक्तमिश्रित पू येणारी. इथे रोमकूप नुसता सुजलेला नव्हता, फुटला होता. रोमकूप फुटला की केसाचा तुकडा आणि केराटिन (केस ज्याचा बनतो ते प्रथिन) आतल्या थरात पडतं. शरीराच्या दृष्टीनं ती बाहेरची वस्तू, त्यामुळे जिवाणू मेले तरी सूज चालूच राहते. याला फुरुंक्युलोसिस म्हणतात, आणि वरवरच्या पुळ्यांपेक्षा तो बरा व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

इथवर हे त्वचेचं प्रकरण होतं. पण राणी तपासणीच्या टेबलावर उभी असताना नजर पोटाकडे गेली. पोट सुटलेलं, खाली लोंबणारं. पोटावरची त्वचा इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या, आणि स्तनाग्रांभोवती काळ्या ठिपक्यांची गर्दी, म्हणजे तोंड बंद झालेले रोमकूप. पाणी किती पिते, असं विचारल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, “पाणी खूप पिते. आणि रात्री घरात लघवी करायला लागली आहे. वय झालं म्हणून असेल ना?”

सात हे काही फार वय नाही. त्यांना दोन दिवस पाणी मोजून द्यायला सांगितलं. दिवसाला तीन लिटरच्या आसपास भरलं, म्हणजे किलोमागे सुमारे १२५ मिलिलिटर. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं की ते नक्कीच जास्त समजतात.

औषधांची यादी

या प्रकरणात सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती औषधांच्या यादीतून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “सध्या काहीच चालू नाही. पाच आठवड्यांपूर्वी इंजेक्शन झालं, तेवढंच.” मग प्रश्न बदलून विचारला: अंगावर, कानात, डोळ्यांत काय काय घालता? तेव्हा मुलानं फोनवर फोटो दाखवले. एक माणसांसाठीचं मलम, ज्यात प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि तीव्र स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र. ते वर्षभर रोज पंजांवर लागत होतं. शिवाय कानाचे थेंब, त्यातही स्टेरॉइड. मलम आणि थेंब हे “औषध” या शब्दात घरी कुणी धरलेच नव्हते.

कुत्र्याच्या पंजाला लावलेलं मलम पंजावर राहत नाही. ते चाटून पोटात जातं. म्हणजे इंजेक्शन, मलम आणि थेंब अशा तीन वाटांनी तिच्या शरीरात स्टेरॉइड जात होतं, आणि त्यातल्या दोन वाटांची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती.

तपासण्या

रोमकूपांच्या सुजेची तीन नेहमीची कारणं: जिवाणू, डेमोडेक्स आणि गजकर्णाची बुरशी. तिन्ही दिसायला इतकी सारखी की नुसत्या नजरेनं वेगळी करता येत नाहीत. ज्या साध्या तपासण्यांनी ती वेगळी होतात त्यातल्या बहुतेक दवाखान्यातच, एका बैठकीत होऊ शकतात.

पुळीतला स्राव काचपट्टीवर घेऊन रंगवला. पेशींच्या आत गोल जिवाणू दिसले, म्हणजे संसर्ग खरा होता. मग त्वचा खरवडून नमुने घेतले. डेमोडेक्स रोमकूपाच्या आत खोल राहतो, त्यामुळे त्वचेची घडी आधी चिमटीत दाबून मग बोथट पात्यानं, थोडं रक्त दिसेपर्यंत खरवडावं लागतं. कुशीवरच्या पहिल्या दोन नमुन्यांत काहीच नव्हतं. पंजे इतके दुखरे होते की तिथे पातं लावणं शक्य नव्हतं, म्हणून तिथले केस मुळासकट उपटून तेलाच्या थेंबात पाहिले. केसांच्या मुळांना चिकटलेले लांबट, आखूड पायांचे डेमोडेक्स दिसले. प्रौढ, पिल्लं, अंडी, सगळेच. थांबलो असतो तर कुशीच्या नमुन्यावरून अहवाल “नकारार्थी” गेला असता. पंजे आणि डोळ्यांभोवतीचा भाग यांसाठी केस उपटून पाहण्याची पद्धत फार उपयोगी पडते. त्वचा व्रणांनी जाड झाली असेल तर मात्र कधी कधी बायोप्सीशिवाय निदान होत नाही.

गजकर्णासाठी वुड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली पाहिलं, काही चमकलं नाही. त्यावर विसंबता येत नाही, कारण त्या प्रकाशात चमकते ती मुख्यतः मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी, आणि तिचेही सगळे प्रकार चमकत नाहीत. म्हणून केसांचा नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला पाठवला. त्याला तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तो पुढे नकारार्थी आला. पंजातल्या पुवाचंही जिवाणू कल्चर पाठवलं, कारण इतक्या वेळा प्रतिजैविकं होऊन गेल्यावर अंदाजानं आणखी एक देणं चुकीचं ठरलं असतं.

डेमोडेक्स सापडला म्हणजे निदान झालं, असं पिल्लाच्या बाबतीत एक वेळ म्हणता येतं. हा जीव जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईकडून पिल्लाकडे येतो आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर थोड्या संख्येनं निमूट राहतो. लहान वयात तो फोफावला तर प्रतिकारशक्ती अजून तयार होत आहे असं समजतात. पण चार वर्षांपेक्षा मोठ्या कुत्र्यात तो पहिल्यांदाच दिसला तर त्याला आवरणारी यंत्रणा कशामुळे तरी ढासळली आहे. स्टेरॉइड, कुशिंग आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणं), थायरॉइडची कमतरता, केमोथेरपी, कर्करोग ही नेहमीची कारणं. त्यामुळे आमच्यासमोर प्रश्न होता तो हा की तो आत्ताच का.

पहिला निर्णय: कारण कुठवर शोधायचं

जास्त पाणी, जास्त भूक, सुटलेलं पोट, पातळ त्वचा हे चित्र कुशिंगचं आहे. शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसॉल बनवत असेल तर तो नैसर्गिक कुशिंग. बाहेरून दिलेल्या स्टेरॉइडमुळे अगदी तसंच दिसतं. दोन्हींचे उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. एकात अधिवृक्क ग्रंथींचं, म्हणजे कॉर्टिसॉल बनवणाऱ्या मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींचं काम औषधानं दाबायचं असतं, तर दुसऱ्यात त्या आधीच दबून झोपलेल्या असतात. उलट उपाय केला तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

दोन्ही वेगळे करणारी चाचणी म्हणजे एसीटीएच उत्तेजन चाचणी. एसीटीएच हे या ग्रंथींना कामाला लावणारं संप्रेरक; त्याच्या इंजेक्शनाआधी आणि नंतर कॉर्टिसॉल मोजतात. नैसर्गिक कुशिंगमध्ये ते सहसा खूप वर जातं. राणीचं आधीही तळाला होतं आणि नंतरही तिथेच राहिलं. ग्रंथी झोपलेल्या होत्या. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं आणि लघवी पातळ, हेही त्याला धरून होतं. स्टेरॉइडवरच्या कुत्र्यात लघवीचा संसर्ग लक्षणांशिवाय असू शकतो, म्हणून लघवीचं कल्चर केलं. ते स्वच्छ आलं.

पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून कर्करोग शोधावा का, यावर चर्चा झाली. स्टेरॉइड हे एकच कारण सगळी लक्षणं समजावून देत होतं, म्हणून तिथे थांबायचं ठरवलं. डेमोडेक्स परत आला तर मात्र शोध पुढे न्यायचा, असं फाइलवर लिहून ठेवलं.

दुसरा निर्णय: थायरॉइडच्या गोळ्या

फाइलमधला कमी टी४ मोहात पाडणारा होता. केस गळतात, त्वचेचे संसर्ग वारंवार होतात, वजन जास्त आहे, आणि थायरॉइड कमी. गोष्ट छान जुळते. पण स्टेरॉइडमुळे टी४ खाली येतं, कोणत्याही दीर्घ आजारामुळे येतं, सल्फा गटाच्या औषधांमुळेही येतं. ते रक्त इंजेक्शनानंतर दोन आठवड्यांच्या आत घेतलेलं होतं. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, तपासलंच नव्हतं. आम्ही ते तपासलं तेव्हा सामान्य होतं. टीएसएच सामान्य असलेली काही कुत्री खरोखर थायरॉइडची रुग्ण असतात, त्यामुळे त्यावरूनही पक्का निकाल लागत नव्हता.

पर्याय दोन: गोळ्या सुरू करायच्या आणि फरक पाहायचा, किंवा स्टेरॉइड शरीरातून गेल्यावर पुन्हा मोजायचं. पहिल्या पर्यायात एक गोम आहे. इतर उपचारांनीही केस येणारच होते, आणि मग श्रेय गोळ्यांना जाऊन त्या आयुष्यभर चालू राहिल्या असत्या. म्हणून गोळ्या सुरू केल्या नाहीत.

तिसरा निर्णय: डेमोडेक्सवर कोणतं औषध

पूर्वी अमिट्राझच्या द्रावणानं अंघोळ हा मुख्य उपाय होता. त्यासाठी केस कापावे लागतात, कुत्रं सुस्त होतं, नाडी मंदावते, आणि फुटलेल्या पंजांवर ते लावणं त्रासाचं. रोज पोटातून आयव्हरमेक्टिन हाही बराच काळ वापरलेला मार्ग आहे. पण एमडीआर१ या जनुकात दोष असलेल्या कुत्र्यांत हे औषध मेंदूत शिरतं. कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन बाधतं हे १९८० च्या दशकातच माहीत होतं, त्यामागचा जनुकीय दोष २००१ मध्ये सापडला. राणीच्या वंशात कोण कोण होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जनुकीय चाचणी करता आली असती, पण तोपर्यंत उपचार अडले असते.

उरला आयसोऑक्साझोलिन गट: अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर, लोटिलानर. मुळात गोचीड-पिसवांसाठी आलेल्या या गोळ्या डेमोडेक्सवर फार चांगल्या चालतात. मालकीणबाईंनी वाचलं होतं की यांनी आकडी येते. ही भीती निराधार नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०१८ मध्ये या गटाबद्दल इशारा दिला की काही जनावरांत कंप, तोल जाणं किंवा आकडी दिसू शकते. राणीला आधी कधी आकडी आली होती का, बेशुद्ध पडली होती का, हे खोदून विचारलं. तसं काही नव्हतं. एकदा गिळलेली गोळी काही आठवडे शरीरात राहते, ती परत घेता येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी एक रात्र विचार करून होकार दिला. महिन्याला एक, अफॉक्सोलानर.

घरात दुसरं कुत्रं होतं. त्याला किंवा माणसांना राणीकडून डेमोडेक्स लागण्याची चिंता नव्हती. दुसऱ्या कुत्र्याला पिसवांसाठी तेवढी गोळी दिली, जेणेकरून तो प्रश्न एकदाचा मिटेल.

चौथा निर्णय: जिवाणू आणि स्टेरॉइड

धडावरच्या वरवरच्या पुळ्यांसाठी पोटातून प्रतिजैविक न देता क्लोरहेक्सिडिन शॅम्पूनं आठवड्यातून दोनदा अंघोळ ठरली. फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. ही दहा मिनिटं महत्त्वाची. बहुतेक घरांत शॅम्पू लागलीच धुतला जातो आणि मग “शॅम्पूनं काही फरक पडला नाही” असं ऐकू येतं. कानासाठी स्टेरॉइड नसलेलं औषध दिलं. तिथे मॅलेसेझिया ही यीस्ट वाढलेली होती.

स्टेरॉइड मलम आणि थेंब त्याच दिवशी बंद केले. पण ग्रंथी झोपलेल्या असताना सगळा पुरवठा एकाएकी तोडणं धोक्याचं असतं. ताण आला की उलट्या, अशक्तपणा, कोसळणं असं होऊ शकतं. म्हणून प्रेडनिसोलोनचा अगदी छोटा डोस सुरू केला, शरीर रोज स्वतः जेवढं बनवतं साधारण तेवढाच, किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या मध्ये. डेमोडेक्सच्या रुग्णाला स्टेरॉइड देता, असा प्रश्न आमच्यातल्याच एकानं उपस्थित केला, आणि तो योग्यच होता. या मात्रेनं ना खाज थांबते ना प्रतिकारशक्ती दबते, ती फक्त पोकळी भरते. तरी प्रत्येक भेटीत याच औषधावर सगळ्यात जास्त बोलणं झालं.

तिसरा आठवडा

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात रात्री उशिरा फोन आला. राणी दोन रात्री झोपली नव्हती, पंजे चावून रक्त काढलं होतं, घरात कुणी झोपलं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, “डॉक्टर, एक इंजेक्शन द्या. फक्त एकच. पुन्हा नाही मागणार.”

पूर्ण प्रकरणात सगळ्यात अवघड क्षण हा होता, आणि तो कोणत्याच पाठ्यपुस्तकात नीट लिहिलेला नसतो. स्टेरॉइड काढलं की इतकी वर्षं झाकलेली मूळ खाज बाहेर येते. ती येणार हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि दोन रात्री जागणं वेगळं. नुसतं “नाही” म्हटलं असतं तर ते इंजेक्शन दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात मिळालं असतं, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता आला नसता.

सकाळी बोलावून घेतलं आणि पंजांचे नमुने पुन्हा पाहिले. डेमोडेक्स होते, पण बरेचसे मेलेले. जिवाणू मात्र भरपूर. म्हणजे खाजेतला एक वाटा संसर्गाचा होता. त्याआधीच कल्चरचा अहवाल आला होता: स्टॅफिलोकोकस स्युडइंटरमीडियस, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा. असा जिवाणू सेफॅलेक्सिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक आम्ल या दोन्हींना दाद देत नाही. आधीच्या पाच-पाच दिवसांच्या कोर्सांमध्ये हीच दोन औषधं आलटून पालटून होती. ज्या मोजक्या औषधांना तो बधत होता त्यात डॉक्सिसायक्लिन होतं. धडावरच्या पुळ्या नुसत्या अंघोळीनं मिटत आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी ते लागलं नसतं. पंजांतल्या खोल संसर्गासाठी ते सुरू केलं, दर दोन आठवड्यांनी तपासून पुढे न्यायचं या अटीवर. हात धुणं, तिचं अंथरूण वेगळं धुणं, जखमेला हात लावताना हातमोजे घालणं, हेही घरच्यांना समजावलं.

उरलेल्या खाजेसाठी तीन वाटा होत्या. स्टेरॉइडचा छोटा कोर्स: लागू पडला असता, पण डेमोडेक्सला पुन्हा मोकळं रान. ऑक्लासिटिनिब: खाज झटपट थांबवतं, पण ते प्रतिकारशक्तीच्या वाटेनंच काम करतं आणि त्याच्या माहितीपत्रकात संसर्ग व डेमोडेक्स बळावण्याचा इशारा आहे. लोकिवेटमॅब: खाजेचा निरोप नेणाऱ्या इंटरल्युकिन-३१ या एकाच रेणूला पकडणारं इंजेक्शन, बाकी यंत्रणेला फारसा हात न लावणारं. तिसरं निवडलं. ते अ‍ॅटॉपीच्या (म्हणजे धूळ, परागकण यांसारख्या गोष्टींच्या वावड्याच्या) खाजेवर मुख्यतः चालतं, जिवाणूंच्या खाजेवर नाही. फरक पडला तर मूळ दुखणं अ‍ॅटॉपी असल्याला तेवढाच आणखी एक आधार मिळणार होता. शेवटी त्यांनी मागितलं होतं तसं एक इंजेक्शन मिळालंच, फक्त वेगळं.

तीन दिवसांनी राणी झोपू लागली.

निष्पत्ती

चौथ्या आठवड्यातल्या नमुन्यांत अंडी नव्हती, एखाद-दुसरा जिवंत प्रौढ होता. प्रत्येक वेळी त्याच जागांवरून नमुने घेतले आणि प्रौढ, पिल्लं, अंडी वेगवेगळी मोजली. तसं केलं नाही तर औषध लागू पडतंय की नाही हे कळत नाही, कारण डोळ्यांना दिसणारी त्वचा त्याआधीच सुधारलेली असते. आठव्या आणि बाराव्या आठवड्यात नमुने पूर्ण स्वच्छ आले. महिन्याच्या अंतरानं दोन नकारार्थी नमुने मिळेपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत, हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधला नियम. त्वचा छान दिसायला लागल्यावर, साधारण सातव्या आठवड्यात, घरून “आता गोळी बंद करू का” असं विचारलं गेलंच.

पंजे सावकाश भरले. डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे चाललं. दहाव्या आठवड्यात एसीटीएच चाचणी पुन्हा केली, ग्रंथी जाग्या झाल्या होत्या, मग प्रेडनिसोलोन टप्प्याटप्प्यानं बंद. पाणी पिणं दिवसाला लिटर-सव्वा लिटरवर आलं, रात्रीची लघवी थांबली, पोट आवळलं. चौथ्या महिन्यात टी४ पुन्हा मोजलं, ते सामान्य होतं. थायरॉइडच्या गोळ्या लागल्याच नाहीत.

केस यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्टेरॉइडखाली रोमकूप विश्रांतीच्या अवस्थेत अडकून पडतात, ते वाढीच्या चक्रात परतायला महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात कुशीवर लव दिसू लागली, पाचव्या महिन्यात अंग भरलं. उजव्या पंजाच्या दोन बोटांमध्ये आणि पाठीवर एका जागी केस आलेले नाहीत. पंजावर व्रण आहे, तिथे रोमकूपच उरले नसावेत.

अ‍ॅटॉपी बरी झालेली नाही, ती होत नाही. लोकिवेटमॅब महिन्याला, त्रासाच्या ऋतूत न चुकता, आणि आठवड्याला एक अंघोळ. खाजेत अन्नाचा वाटा आहे का हे पाहायला आठ आठवड्यांची आहारचाचणी ठरली होती, पण सहाव्या आठवड्यात पाहुण्यांनी ताटातलं भरवल्यामुळे ती निकामी झाली. ती पुन्हा करायची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

केस पहिल्यांदा गळले तेव्हा त्वचेचा नमुना घेतला असता तर किमान एक वर्ष वाचलं असतं, असं वाटतं. खात्रीनं म्हणता येत नाही, कारण तेव्हा डेमोडेक्स होता का, की नंतरच्या स्टेरॉइडनं तो आला, हे सांगायला जुना नमुनाच नाही. आधीच्या तीनही डॉक्टरांबद्दल कठोर व्हावंसं वाटत नाही. खाजून रक्तबंबाळ झालेलं कुत्रं आणि रडकुंडीला आलेला मालक समोर असताना पातं आणि काचपट्टी हाती घ्यायला वेळ आणि धीर दोन्ही लागतात. पण दुसरं इंजेक्शन देण्याआधी तरी तो नमुना घेता येतो. पहिल्याच इंजेक्शनाच्या वेळी “हे तीन महिन्यांत परत लागलं तर आपण कारण शोधू” एवढं बोलून ठेवलं, तरी मालकाला पुढची दिशा माहीत असते.

प्रतिजैविकाचे पाच-पाच दिवसांचे कोर्स हा दुसरा मुद्दा. पुळी दिसली की गोळी, दिसेनाशी झाली की बंद, असं चार-पाचदा झालं. त्या वेळी साधी अंघोळ पुरली असती, आणि पंजांच्या खोल संसर्गाला पाच दिवस कधीच पुरत नाहीत. म्हणजे वरवरच्या पुळ्यांना औषध गरजेपेक्षा जास्त झालं आणि पंजांना फार कमी.

आमच्या आराखड्यात लोकिवेटमॅब पहिल्या दिवसापासून देण्याची एक वाट होती. स्टेरॉइड काढल्यावर खाज उसळणार हे माहीत होतं, मग ती उसळेपर्यंत थांबायचं कशाला, असं विचारता येईल. थांबण्यामागचं कारण हे की संसर्गाची खाज आणि अ‍ॅटॉपीची खाज आधी वेगळी दिसायला हवी होती. त्याची किंमत घरच्यांनी दोन जागरणांत मोजली. असं प्रकरण पुन्हा आलं आणि घरचे आधीच थकलेले असतील, तर निदानाची तेवढी शुद्धता सोडून इंजेक्शन आधी द्यायचं, या बाजूला मी आता झुकतो. ज्यांच्या घरी कुत्र्याची खाज नुकतीच सुरू झाली आहे, त्यांच्याबाबत मात्र आधीचाच क्रम बरा.

औषधांच्या यादीचा प्रश्न आम्ही तपासणीच्या छापील अर्जावरच बदलला. “सध्या कोणती औषधं चालू आहेत?” ही ओळ काढली. आता तिथे तोंडावाटे, इंजेक्शन, अंगाला, कानात, डोळ्यांत असे पाच वेगळे रकाने आहेत, आणि खाली “नळ्या, बाटल्या सोबत आणा किंवा त्यांचे फोटो काढा” अशी सूचना.

राणीचे शेवटचे स्वच्छ नमुने मिळाल्याला अजून वर्ष पूर्ण व्हायचं आहे. वर्षभर डेमोडेक्स परतला नाही तरच ती बरी झाली असं लिहिता येईल. परतला, तर बाहेरून स्टेरॉइड न मिळता परतलेला असेल, आणि तेव्हा पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे आधी.